अनुभव धागा: मुलांना जुनी ‘स्टार ट्रेक’ दाखवलीत का? काय झालं?

घरात वाद पेटलाय म्हणून हा धागा. लेक आठ वर्षांची, मुलगा बारा. माझं म्हणणं, जुनी ‘स्टार ट्रेक’ आत्ताच दाखवू या. जुनी म्हणजे १९६६ ते १९६९ची, ७९ भागांची अमेरिकन अंतराळ-मालिका, जहाजाचा कप्तान कर्क आणि त्याचा अर्धा परग्रहवासी अधिकारी स्पॉक यांची. नवऱ्याचं म्हणणं, लेक रात्री घाबरून आपल्यात येऊन झोपेल, तेव्हा तू सरकायचंस, मी नाही.

मी स्वतः ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी बघितली. डोंबिवलीत दोन खोल्या, शटरवाला कृष्णधवल टीव्ही, समोर चटईवर शेजारची चार पोरं. इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही. बाबा अर्धं समजावून सांगायचे आणि अर्धं स्वतः रचून, हे फार उशिरा कळलं. भाग चालू असताना मी कधी घाबरले नाही. घाबरायचे ती भाग संपल्यावर. शेवटी नावं सरकताना मागे एक चेहरा यायचा: मोठं टक्कल, तिरके डोळे, ओठ मुडपलेले. संगीताचा सूर बदलला की मी आईच्या पदरात तोंड खुपसायचे आणि ‘गेला का?’ विचारायचे. पोरं मुद्दाम ‘नाही गेला’ म्हणायची.

तो चेहरा कुणाचा, ते चाळिशीत कळलं. ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’ या भागातला बेलॉक. तो चेहरा म्हणजे नुसतं बाहुलं, परक्यांना घाबरवायला पुढे केलेलं. खरा बेलॉक एवढासा, गोड चेहऱ्याचा, पाहुण्यांना आग्रहाने सरबत पाजणारा. क्लिंट हॉवर्ड नावाच्या सात वर्षांच्या पोराने ते काम केलंय. बाबांना फोन करून विचारलं, हे तेव्हाच का नाही सांगितलंत? म्हणाले, ‘‘अगं, त्या रविवारी आपण कुणाच्या तरी लग्नाला गेलो होतो.’’

तर किती वयाच्या मुलांना दाखवलीत, कुठला भाग, घरात काय घडलं ते लिहा. ‘छान आहे, जरूर दाखवा’ एवढंच नको.

पुणे, सहा वर्षांच्या मुलाची आई

आम्ही चूक केली ती पहिल्या भागापासून सुरुवात करण्याची. ८ सप्टेंबर १९६६ला अमेरिकेत सगळ्यात आधी दाखवला गेला तो ‘द मॅन ट्रॅप’. त्यातला प्राणी माणसाच्या अंगातलं मीठ शोषून घेतो. मला वाटलं, त्याचं ते केसाळ, सोंडेसारखं तोंड बघून पोरगा घाबरेल. तोंडाला तो हसला. पण तो प्राणी ओळखीच्या माणसाचं रूप घेतो ना, तिथे सगळं बिनसलं. रात्री मी पांघरूण घालायला गेले तर भिंतीला चिकटून म्हणतो, ‘‘काल डब्यात काय दिलं होतंस?’’ मी म्हटलं, ‘‘फोडणीची पोळी.’’ मग जवळ येऊ दिलं. पुढचे आठ दिवस रोज परीक्षा. एकदा मी चुकून ‘उपमा’ म्हणाले तर रडारड.

दुसऱ्या दिवशी खोलीच्या उंबऱ्याशी मिठाची चिमूट दिसली. म्हणाला, त्याला मीठच हवंय तर देऊन टाकू, माणसं कशाला खाईल? सासूबाईंना वाटलं, मी मुलाची दृष्ट काढली. मोहरीपण टाकायची गं, म्हणाल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्या माझ्यावर इतक्या खूश पहिल्यांदाच झाल्या.

नागपूर, शाळेत गणित शिकवतो

‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’पासून सुरुवात करा, डोळे मिटून. अंतराळस्थानकावर लोकरीच्या गोळ्यांसारखे गुबगुबीत प्राणी. खातात आणि वितात, बाकी काही नाही. कर्क वरच्या कोठाराचं झाकण उघडतो आणि गळ्यापर्यंत त्यांच्यात बुडतो, तिथे आमची दोघं सोफ्यावरून घसरून हसली.

एकच अडचण. डॉक्टर मॅकॉय म्हणतो की हे प्राणी जन्मतःच गरोदर असतात. धाकटीने तेवढंच नेमकं पकडलं आणि आजोबांसमोर अर्थ विचारला. आजोबा पेपर वाचत होते. तसेच वाचत राहिले, फक्त पेपर जरा वर गेला.

मला आवडली ती वेगळी गोष्ट. स्पॉक कोठारातल्या ट्रिबल्सचा आकडा सांगतो: १७,७१,५६१. मोठीने, पाचवीत आहे, विचारलं की त्याने मोजले कधी? पुन्हा लावलं, ऐकलं. सुरुवात एकापासून, दर बारा तासांनी प्रत्येकी दहा पिल्लं, तीन दिवस. म्हणजे सहा वेळा, आणि दर वेळी एकाचे अकरा. वही घेतली. अकरा, एकशे एकवीस, तेराशे एकतीस, चौदा हजार सहाशे एक्केचाळीस, असं करत शेवटाला आली आणि ओरडली, ‘‘बरोबर आहे!’’ वर्गात घातांक शिकवायला मला दोन तास लागतात. इथे पंचवीस मिनिटं लागली, त्यातली दहा पेन्सिल शोधण्यात.

नाशिक, दोन मुलींची आई

सगळे कौतुक करताहेत, मी उलट लिहिते. आम्ही मध्येच बंद केली.

‘द एनिमी विदिन’मध्ये यंत्राच्या बिघाडाने कर्कचे दोन कर्क होतात, त्यातला वाईट कर्क स्वतःच्या हाताखालच्या मुलीवर जबरदस्ती करायला जातो. हा प्रसंग दहा वर्षांच्या मुलीशेजारी बसून बघायची माझी तयारी नव्हती. आणि त्याहून खटकलं ते हे, की शेवटी स्पॉक त्याच मुलीला त्यावरून चेष्टेने टोमणा मारतो. ‘मड्स विमेन’मध्ये बायका लग्नासाठी पुरवायला नेताहेत आणि सगळं कसं हलकंफुलकं. आखूड झगे, दर दोन भागांआड कर्कची नवी मैत्रीण, हे सोडून देते. पण मालिकेच्या अगदी शेवटच्या भागात, १९६९च्या, एक बाई म्हणते की जहाजांच्या कप्तानांच्या जगात बायकांना जागा नाही. मोठी म्हणाली, ‘‘आई, हे भविष्यातलं आहे ना?’’ मी काय सांगू? राक्षसांचं भय नाही हो वाटत, ते रबराचे आहेत हे मुलींना पहिल्या मिनिटात कळतं.

धागाकर्ती

नाशिकच्या ताई, तुमचे दोन्ही भाग यादीतून काढले. हे मी विसरले होते की लहानपणी मला कळलंच नव्हतं, आता सांगता येत नाही. एवढंच जोडते: पहिल्या चाचणी-भागात जहाजावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक बाई होती, मालिकेत ती राहिली नाही. पण जहाजावरची कृष्णवर्णीय संदेश-अधिकारी उहुरा राहिली. ते काम करणाऱ्या निशेल निकल्स सोडून जायला निघाल्या होत्या, मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं, हे त्या स्वतः सांगत. उहुराला बघत वाढलेली मे जेमिसन १९९२ साली खरोखर अंतराळात गेली. माझ्या लेकीला हे आधी सांगेन आणि मग झग्यांबद्दल बोलू.

नांदेड

आमच्याकडे ‘स्पेस सीड’ बघताना टीव्ही थांबवावा लागला. खान नूनियन सिंग येतो. जहाजावरची इतिहासतज्ज्ञ त्याला झोपलेला बघूनच म्हणते, उत्तर भारतातला, बहुधा शीख. केस कापलेले, दाढी नाही, आणि काम करणारा रिकार्डो मोंताल्बान मूळचा मेक्सिकोचा! गुरुद्वाऱ्याच्या गावात राहणारी पोरं आमची. धाकटा म्हणाला, ‘‘बाबा, ह्यांना कुणीतरी नांदेडला आणा.’’ बाकी भाग मात्र उत्तम, नऊ-दहाच्या पुढे चालेल.

औरंगाबाद, सध्या मुक्काम लीड्स

इथल्या एका शेजाऱ्याने सांगितलेली गंमत. बीबीसीने यातले चार भाग कित्येक वर्षं दाखवलेच नाहीत. ‘मिरी’ हा त्यातला एक: मोठी माणसं रोगाने मेलेली, उरलीत फक्त मुलं. म्हणजे ‘मुलांना चालेल का’ हा प्रश्न आपल्याआधी त्यांनाही पडला होता. ‘मिरी’ माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने बघितला. म्हणाली, रोगापेक्षा ती मुलं जास्त भीतिदायक आहेत. खरंय.

सोलापूर, एका मुलाचा बाबा

‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड’. दोन माणसं, चेहरा अर्धा काळा, अर्धा पांढरा. एकमेकांच्या जिवावर उठलेली. कर्क आणि स्पॉक यांना कळत नाही, भांडण कशाचं? मलाही कळलं नाही. माझा मुलगा, वय नऊ, पटकन म्हणाला, ‘‘ह्याचा उजवीकडून काळा आहे, त्याचा उजवीकडून पांढरा.’’ बरोबर तेच कारण होतं.

मग त्याने विचारलं, असं खरं असतं का. आमच्या घरात हा विषय मुलापासून लांब ठेवलेला. माझ्या वडिलांना गावात पाणी कुठे भरायचं नाही हे माहीत होतं, मला शाळेत आडनावावरून विचारणारे होते, मुलाला अजून कुणी काही विचारलेलं नाही. मी त्याला त्या रात्री आजोबांची विहिरीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘‘पण आजोबा तर दोन्हीकडून सारखेच दिसतात.’’ मालिका बटबटीत आहे, १९६९ची आहे, रंग फासलेला दिसतो. तरी मी दुसऱ्या कशाने हे बोलणं सुरू केलं असतं, मला सुचत नाही.

न्यू जर्सी, आजी, वय ७१

नातवाबरोबर बघते. तो मला मराठीत सांगतो, त्याचं मराठी सुधारलं एवढा फायदा. त्याची आई आपली, वडील इथले. स्पॉकची आई पृथ्वीवरची, वडील व्हल्कन ग्रहावरचे. एकदा जेवताना म्हणाला, ‘‘आजी, मी स्पॉक आहे.’’ लेक जरा गप्प झाली. मी म्हटलं, ‘‘मग ते टोकदार कान कुठायत? भात संपव.’’

‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ त्याला दाखवू नका असं मी सांगितलं होतं, त्याने बघितलाच. चांगली बाई डोळ्यांसमोर गाडीखाली जाते आणि कर्क वाचवणाऱ्याला धरून ठेवतो, कारण ती वाचली तर इतिहास बिघडतो. नातू दोन दिवस विचारत होता, दुसरा काही उपाय नव्हता का. अकरा वर्षांचा आहे. बारापर्यंत थांबायला हवं होतं, असं मला वाटतं. त्याला तसं वाटत नाही.

रत्नागिरीजवळ, दोन मुलांचा बाबा

शेवटी एक आमचं. ‘द डेव्हिल इन द डार्क’. खाणीत काहीतरी माणसं जाळून मारतंय. पहिली दहा मिनिटं खरंच भीतीची, सात वर्षांची लेक माझ्या शर्टात शिरली होती. मग कळतं की तो दगडातला प्राणी, होर्टा, आई आहे. खाणीत सगळीकडे पडलेले गोल गोल दगड तिची अंडी, आणि खाणवाल्यांनी ती हजारांनी फोडलीत. स्पॉक त्या खडबडीत गोधडीसारख्या प्राण्याला हात लावून तिचं मन जाणतो आणि तिचं दुःख स्वतः ओरडून बोलतो. लेक शर्टातून बाहेर आली, टीव्हीपाशी जाऊन उभी राहिली.

आमच्या मधल्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. पुढच्या रविवारी मी सवयीने उलथनं घेऊन खरवडायला गेलो. लेक आडवी आली. ‘‘आत अंडी आहेत.’’ मी म्हटलं, ‘‘माशीची आहेत गं.’’ तिने फक्त माझ्याकडे बघितलं. उलथनं परत स्वयंपाकघरात गेलं.

त्याला आता वर्ष होईल. माश्या केव्हाच उडून गेल्या, पण रिकाम्या घरालाही हात लावायची परवानगी नाही. मागच्या पावसाळ्यात ती खिडकी पूर्ण लागली नाही. खाली बादली ठेवली होती.