अनुभव धागा: तुमच्या घरी लादी कोण पुसतं?

धागा काढणारी, कासारवडवली

दोघांची नोकरी, टू बीएचके, आणि केर-लादीच्या मावशींचे महिन्याला चार-पाच खाडे. स्वयंपाक मी, भांडी तो, मशीन लावणं मी, कपडे वाळत घालणं तो, भाजी जो आधी घराकडे निघेल त्याने आणायची. सात वर्षांत हे सगळं फारसं न भांडता बसलं. लादीवर मात्र गाडी अडते. खाड्याच्या दिवशी आम्ही दोघंही एकदम कामसू होतो. मी फ्रिज आवरायला काढते, तो पंखे पुसतो. पंखे! घोडबंदर रोडला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून सकाळी पुसलेल्या लादीवर संध्याकाळी पावलं उमटतात, त्यामुळे 'आज राहू दे' म्हणायचीही सोय नाही.

गेल्या रविवारी त्याने पुसली. चांगली पुसली, खोटं कशाला बोलू. तासाभराने बाथरूममध्ये गेले तर काळ्या पाण्याची बादली तशीच आणि फडकं आत बुडालेलं. "अगं, लादी झाली ना पुसून?" माझ्या मते नव्हती झाली. तुमच्याकडे लादी कुठे संपते? खरं लिहा, शोभेचं नको.

कोपरखैरणे

मी पुसतो. नवरा आहे, आणि मला हे काम आवडत नाही हे आधीच सांगतो. भांडी घासताना कानात गाणी लावता येतात, स्वयंपाकाला निदान कोणी 'छान झालंय' म्हणतं. लादीला तसं कोणी म्हणत नाही. उलट आपणच ओरडायचं, "ओलं आहे, येऊ नको", आणि समोरचा चपलांसकट येणार.

बायकोला मणक्याचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. पहिले काही महिने मी लादी पुसत नव्हतो, मळ पसरवत होतो. एका बादलीत अख्खं घर! गावाहून आई आली, तिने बघून कपाळाला हात लावला. मग शिकवलं. पंखा बंद करून केर काढायचा. फडकं थेंब गळणार नाही इतकं घट्ट पिळायचं. खिडकीपासून सुरुवात करून दाराकडे मागे-मागे सरकत यायचं, म्हणजे आपलेच पाय उमटत नाहीत. दर खोलीला पाणी बदलायचं. आणि सोफ्याखाली हात घालायचा, 'तिथे कोण बघतंय' म्हणायचं नाही.

बादलीचं विचाराल तर ती ओतून, फडकं साबणाने चोळून दांडीवर पडलं की आमची लादी संपते. पावसाळ्यात ते ओलं राहिलं की दुसऱ्या दिवशी घरभर कुबट वास. फिनेल कितीही ओता, जात नाही.

ऐरोली

आमच्याकडे वेगळाच घोळ. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, लक्ष्मी जाते, असं सासूबाईंचं म्हणणं. लक्ष्मी कमावून घरी यायलाच आम्हाला साडेआठ होतात! सासरे म्हणाले, पूर्वी कंदिलाच्या उजेडात केराबरोबर एखादा मणी जायचा म्हणून ती रीत, ट्यूबलाइटखाली कसली भीती? बरीच बोलाचाली होऊन तोडगा निघाला: केर रात्री काढायचा, पण बाहेर टाकायचा सकाळी. म्हणून आमच्या दाराआड रात्रभर केराची भरलेली सुपली असते.

पण खरी गंमत पुढे आहे. नवऱ्याने केरसुणी हातात घेतली की सासूबाई लगेच उठतात. "राहू दे रे, दमून आलायस, मी काढते." गुडघे दुखत असतात तरी. त्याच्या हातातली केरसुणी अशी घेतली जाते. माझ्या हातातली अजून एकदाही घेतलेली नाही. यात त्या वाईट नाहीत, हेही लिहायला हवं.

खारघर

रोबो घेतला. भांडण मिटलं असं वाटलं. पण तो सोडायच्या आधी वायरी, खेळणी, मोजे, पायपुसणी सगळं उचलावं लागतं, आणि बाथरूमच्या उंबरठ्यापाशी तो धडका देत बसतो. दिवाळीत दारातली रांगोळी त्याने ओल्या फडक्यानिशी थेट बेडरूमपर्यंत नेली. आता वाद लादीचा नाही, त्याच्या ब्रशमध्ये अडकलेले केस कोणी काढायचे याचा आहे.

नौपाडा

मी 1981 साली लग्न होऊन इथे आले तेव्हा शहाबादी फरशी होती. उकिडवं बसून पुसायची, उठताना भिंतीचा आधार. हे तेव्हा पेपर वाचताना पाय वर घेत, तेवढीच मदत. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून दांडीचा मॉप आणून हे पुसतात. स्वच्छ पुसतात, तक्रार नाही. पण मग मुलीला फोन करून सांगतात, "आज लादी मी पुसली हं." मी चाळीस वर्षं पुसली, एकदाही कोणाला फोन केला नाही.

कळवा

एक सावधगिरी. लादी चकाचक व्हावी म्हणून मी एकदा संडासचं ॲसिड आणि ब्लीचिंगचं पाणी एकत्र केलं. दोन मिनिटांत घशाला आग आणि खोकल्याची उबळ. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दारं-खिडक्या उघडून जिन्यात येऊन बसलो. आणि मार्बल असेल तर लिंबू-व्हिनेगरसुद्धा नको, चकाकी जाऊन डाग पडतात.

वाशी

केंद्र सरकारच्या टाइम यूज सर्व्हेचे, म्हणजे लोकांचा दिवस कशाकशात जातो या पाहणीचे, आकडे पाहिले. स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्या कामात रोजची 2019 मध्ये 299 मिनिटं जायची, 2024 मध्ये 289. बरं वाटलं. मग पुरुषांचा आकडा पाहिला: 97 वरून 88. म्हणजे बायकांची दहा मिनिटं आम्ही उचलली म्हणावं, तर आमचीही नऊ कमीच झालेली!

मी घरात 'निम्मं-निम्मं' म्हणून मिरवायचो. बायको म्हणाली, लिहून ठेव. दोन आठवडे फ्रिजवर कागद चिकटवला. माझी सरासरी दिवसाला एक तास दहा मिनिटं, तिची पावणेचार तास. 'माझ्या' लादीच्या नोंदी चौदा दिवसांत पाच. तिसऱ्या आठवड्यात कागद मीच काढला. तो पुन्हा लावायचा आहे.

धागा काढणारी, कासारवडवली

सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. नौपाड्याच्या काकूंच्या फोनवर तो फार हसला, कोपरखैरण्याला गप्प झाला. आज मावशींचा खाडा होता. त्याने लादी पुसली, सोफ्याखालीसुद्धा. बादली ओतली, पालथी घातली, फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं. बाल्कनीत, माझ्या पांढऱ्या कुर्त्याला चिकटून.