सेन्सिटिव्हिटी कमी करूनही कॅमेऱ्याचे खोटे अलार्म थांबत नाहीत

सेलूकर:
परभणी जिल्ह्यात गावाच्या कडेला घर आहे, लागून गोठा. डीव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) २ मेगापिक्सेलचे चार बुलेट कॅमेरे: फाटकावर, अंगणात लिंबासमोर, गोठ्याच्या पत्र्याला आणि मागं विहिरीकडं (मोटारीच्या केबलवर नजर राहावी म्हणून). शेतातल्या आखाड्यावर (खोपीवर) सिमकार्डचा सोलर कॅमेरा वेगळा. दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत मोबाईल वाजत राहतो. सेन्सिटिव्हिटी ८० वरून ३० वर आणली तर फाटकातून आलेल्या माणसाचा अलार्म आला नाही, लिंबाचा मात्र येतोच. सोयाबीनच्या गंजी लागायच्या आत हे मार्गी लावायचंय. कुठून सुरुवात करावी?

डीव्हीआर_लातूर:
सेन्सिटिव्हिटी परत ६०-७० वर न्या भाऊ, दुखणं तिथं नाही. साधं मोशन डिटेक्शन माणूस ओळखत नाही, चित्रातले किती ठिपके बदलले तेवढंच मोजतं. वाऱ्यात लिंबाची फांदी अर्धं चित्र हलवते, लांबचा माणूस चार बोटं जागा हलवतो. मग सेन्सिटिव्हिटी उतरवली की पहिला सुटतो तो माणूसच.

आधी मागच्या दोन-तीन रात्रींच्या क्लिपा कॅमेऱ्यानुसार बघा. पांढरे मोठे गोळे सर्रकन जात असतील तर किडे. सगळं चित्र एकदम उजळून परत काळं होत असेल तर रस्त्यावरच्या गाडीचे हेडलाईट. ऐन तिन्हीसांजेला आणि पहाटे एक-एक अलार्म येत असेल तर कॅमेरा रंगीतवरून कृष्णधवल होताना अख्खं चित्र बदलतं, त्याचा. काहीच हललेलं दिसत नाही आणि चित्रभर मुंग्या आल्यासारखं दिसतं, तर अंधारात गेन (कॅमेऱ्यानं स्वतः चित्र उजळवणं) वाढून आलेला नॉईज, म्हणजे खोटे ठिपके.

डीव्हीआरमध्ये ह्युमन डिटेक्शन (माणूस ओळखण्याची सोय) असेल तर मोबाईलवर सूचना फक्त त्याचीच ठेवा आणि साध्या मोशनची सूचना बंद करा. पुष्कळ ठिकाणी दोन्ही चालू राहतात आणि लोक म्हणतात ह्युमन डिटेक्शन काम करत नाही. रेकॉर्डिंगला मात्र हात लावू नका, ते चोवीस तास चालू द्या. एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) २ एमबीपीएस ठेवलं तर एका कॅमेऱ्याला दिवसाला साधारण २२ जीबी लागतात, म्हणजे चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क अकरा दिवस पुरते.

मग अंगणात इन्ट्रुजनचा भाग आखा, म्हणजे त्यात कुणी शिरलं तरच अलार्म. लिंबाचा शेंडा, रस्ता आणि दोरीवरचे कपडे त्यातून वगळा. फाटकावर लाईन क्रॉसिंगची (ओलांडली की अलार्म देणारी) रेघ फाटकावरच मारू नका. दोन-तीन फूट आत, जमिनीवर, जिथं पाय पडतात तिथं मारा. किमान आकार (त्याहून लहान हलणारं सोडून द्यायचं) ठरवताना घरातल्या कुणाला तरी सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात उभं करा आणि त्याच्या उंचीच्या निम्मा चौकोन ठेवा. पूर्ण उंचीचा ठेवला तर वाकून येणारा सुटतो. लांबच्या कुत्र्यामांजरांचे अलार्म एवढ्यानं थांबतात, जवळून जाणारी शेळी मात्र चौकोनात बसते. तिथं ह्युमन डिटेक्शनच लागतं.

वायरमन_नांदेड:
वरचं सगळं बरोबर, पण विहिरीकडच्या कॅमेऱ्याचं आधी व्होल्टेज बघा. अडॅप्टर घरात आणि कॅमेरा ४० मीटरवर असेल तर दिवसा चित्र छान, रात्री थरथर. कारण रात्री आयआर एलईडी (अंधारात बघण्यासाठीचे कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे) लागले की करंट अर्ध्या अँपिअरपर्यंत जातो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन ८० मीटरला साधारण २.९ ओहम रोध असतो, म्हणजे दीड व्होल्ट वाटेतच गेला आणि १२ चे साडेदहा राहिले. स्वस्तातल्या थ्री प्लस वन (चित्र आणि पॉवर एकत्र नेणाऱ्या) केबलची तार याहून बारीक असते, कधी तर तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. त्यात आणखी पडतं. मग आयआर लुकलुकतात, कॅमेरा रिस्टार्ट होतो आणि दर वेळी अलार्म.

अंधार पडल्यावर, आयआर चालू असताना, मल्टीमीटर कॅमेऱ्याच्या टोकाला लावा. ११ च्या खाली दाखवलं तर पॉवरसाठी दीड चौरस मिलिमीटरची वेगळी तार ओढा. त्याच अंतरात अर्धाच व्होल्ट पडेल.

गोठ्याचा कॅमेरा पत्र्यावरून काढा. वाऱ्यानं पत्रा वाजला की चित्र हलतं, कोणतंही सेटिंग त्याला पुरत नाही. भिंतीत रावळप्लग ठोकून अडीच ते तीन मीटरवर बसवा. त्याहून उंच गेलात तर वरून नुसतं डोकं-खांदे दिसतात, ह्युमन डिटेक्शनला माणूस उमगत नाही. गोठ्यात ट्यूब असेल तर कॅमेऱ्यात ५० हर्ट्झ निवडलंय का बघा. ६० वर राहिलं तर चित्रात पट्टे सरकतात आणि त्यालाच तो हालचाल समजतो.

सेलूकर:
क्लिपा बघितल्या. अंगणातल्या कॅमेऱ्यावर निम्म्याच्या वर पांढरे गोळे आहेत, आणि एक बारीक दोरी हलल्यासारखं दिसतं. त्याला काय करावं? आखाड्याचंही सांगा.

बालाघाट:
दोरी म्हणजे कोळ्याचं जाळं. कॅमेऱ्याच्या ऊबेला आणि किड्यांच्या आशेनं कोळी तिथंच घर करतो. काचेपासून बोटभर अंतरावरच्या धाग्यावर आयआर पडला की तो पांढरा फटक दिसतो. आठवड्याला रंगकामाच्या मऊ ब्रशनं झटका. काचेवर औषध किंवा तेल मारू नका, त्यावर धूळ बसते आणि रात्री सगळं धुरकट होतं.

किड्यांना खरा उपाय म्हणजे उजेड काचेपासून लांब नेणं. कॅमेऱ्याचे आयआर बंद करा आणि ८५० नॅनोमीटरचा वेगळा आयआर दिवा दीड-दोन मीटर बाजूला लावा. काचेजवळचा किडा मग उजळत नाही, माणूस उजळतो. कॅमेरा रात्री रंगीत चित्र देणारा, पांढऱ्या दिव्याचा असेल आणि त्यात आयआरची सोय असेल तर जून ते सप्टेंबर तो दिवा बंद ठेवून आयआरवर चालवा. अंगणातला बल्बही कॅमेऱ्यापासून पाच-सहा मीटर लांब हवा, आणि पिवळा घ्या, पांढऱ्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात.

सोलर कॅमेऱ्याचं गणित वेगळं. बॅटरी वाचावी म्हणून तो पीआयआर सेन्सरवर जागा होतो, आणि पीआयआर उष्णतेतला फरक बघतो. तापलेल्या पत्र्याकडं किंवा पश्चिमेच्या उन्हाकडं तोंड असेल तर गरम वाऱ्याच्या झोतानंही जागा होईल. उलट एप्रिल-मेच्या रात्री जमीन आणि भिंतीच अंगाएवढ्या गरम असतात, तेव्हा समोरून गेलेला माणूसही सुटू शकतो. तेवढ्या दोन महिन्यांत त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

तोंड उत्तरेकडं करा आणि पायवाट समोरून आडवी जाईल असा बसवा. पीआयआरला आडवा जाणारा लवकर कळतो, सरळ अंगावर येणारा उशिरा. गंज सहा-आठ मीटरच्या आत असू द्या. रानडुक्कर आणि रोही यांनाही अंगाची ऊब आहेच, पीआयआर त्यांना वगळणार नाही. अॅपमध्ये माणूस ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा, म्हणजे जनावरामुळं कॅमेरा जागा झाला तरी मोबाईल वाजणार नाही.

सगळं बसवून झाल्यावर रात्री दहानंतर एकाला फाटकातून, विहिरीकडून आणि गोठ्यामागून चालत यायला सांगा. एकदा सरळ, एकदा वाकून, एकदा अंगावर चादर घेऊन. जिथं अलार्म येत नाही तिथला किमान आकार थोडा कमी करा, आणि त्याच रात्री परत चालायला लावा.