नुसतं बी फेकून समुद्रात गवत परत येतं?

निळी_लाट:
रॉबर्ट ऑर्थ म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळावरचं गवत परत वाढवलं असं वाचलं, तेही रोपं न लावता नुसतं बी टाकून. मला पटतच नाहीये. लाटा, भरती-ओहोटी, बी वाहून नाही का जात? आणि मुळात ते गवत गेलं कशाने?

मृणाल_वनस्पती:
ईलग्रास म्हणतात त्याला. शेवाळ नाही हां, मुळं, फुलं, बिया सगळं असलेलं गवत आहे, परागीभवनसुद्धा पाण्याखालीच होतं. १९३० च्या दशकात रोग पडला आणि उरलंसुरलं ऑगस्ट १९३३ च्या चक्रीवादळात गेलं. त्या गवताच्या आधाराने वाढणारे स्कॅलप शिंपलेही संपले, त्यांची मासेमारीच बंद पडली. पुढे कितीतरी वर्षं तिथे उघडा तळ.

खारट_वारा:
अगं बी वाहून जात नाही हीच तर खरी अडचण होती! दाणा जेमतेम ३ मिलिमीटरचा, सुटला की बुडतो आणि काही मीटरच्या आतच तळाच्या खाचखळग्यांत अडकतो, हे ऑर्थनीच प्रयोग करून दाखवलंय. म्हणजे आसपास गवतच नसेल तर बी येणार कुठून? पाणी चांगलं होतं, फक्त बी पोचत नव्हतं. १९९७ ला तिथल्याच साउथ बे नावाच्या खाडीत आपोआप उगवलेले छोटे पुंजके सापडले आणि मग पेरणी सुरू झाली. मला तर ती पद्धतच फार आवडते, वसंतात पाण्यात उतरून बिया धरलेल्या काड्या हाताने खुडायच्या, खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत ठेवायच्या, काड्या कुजतात, बी गळून तळाशी बसतं, ते वेगळं करून जपायचं आणि थंडीच्या तोंडावर बोटीतून मुठीमुठीने फेकायचं, आपल्याकडे शेतात बी फोकतात ना अगदी तसं. २०० हेक्टरच्या आसपास जागेवर ७ कोटींहून जास्त बिया टाकल्या, आणि २०२० च्या त्यांच्या शोधनिबंधात गवत ३,६०० हेक्टरच्या वर गेलेलं आहे. बाकीचं गवताने स्वतःच पसरवलं!!

मृणाल_वनस्पती:
+१. पण कुठेही जाऊन बी फेका असं नाही हं. शेजारच्याच चेसापीक खाडीत असे प्रयत्न फारसे टिकले नाहीत, तिथलं पाणी गढूळ, पानांपर्यंत ऊन पोचत नाही. गवत का गेलं यापेक्षा परत का येत नाहीये हे आधी शोधायला हवं, नाहीतर बी आणि मेहनत दोन्ही पाण्यात.

निळी_लाट:
बापरे, मी उलटाच विचार करत होते. थँक्स दोघांनाही! पण समुद्र तापतोय त्याचं काय?

खारट_वारा:
ती धास्ती आहेच. २०१५ ला पाणी खूप तापलं तेव्हा साउथ बेमधलं बरंच गवत मेलं. नंतर काही वर्षांत सावरलं, कारण ही कुरणं उघड्या समुद्राजवळ आहेत, भरतीबरोबर थंड पाणी आत येतं. आणि हो, आता तिथे स्कॅलपही वाढवून सोडतायत.