शांग काळातली कांस्यभांडी: साच्यातली की मेणाची, ओळखायचं कसं?

कमाटीबाग_वाचक:
बडोदा संग्रहालयातल्या अकोट्याच्या जैन मूर्ती मेणपद्धतीच्या आहेत, म्हणजे मेणाच्या नमुन्यावर माती लिंपून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतलेला. चीनमधल्या प्राचीन शांग राजवटीची राजधानी आन्यांग, तिथली भांडी मात्र मातीच्या तुकड्यांच्या साच्यात ओतलेली, असं वाचलं. फोटो आणि क्ष-किरण चित्रांवरून हा फरक ठरवता येतो का? एम.ए.च्या निबंधासाठी हवं आहे.

ओतकाम_अभ्यासक:
येतो. आधी सांधे शोधा. भांड्याच्या मातीच्या नमुन्यावर ओली माती थापून ती तुकड्यांत कापून काढत. मग मातीच्या गाभ्याभोवती (यानेच भांडं आतून पोकळ राहतं) हे भाजलेले तुकडे पुन्हा जुळवत. मधल्या फटीत तांबं, कथील, शिसं यांचा रस ओतत. फट जेवढी, तेवढी भांड्याची जाडी. तुकडे जिथे भिडतात तिथे रस शिरून बारीक रेघ उठते. ओतारी ती घासून टाकत, म्हणून दर्शनी भागात शोधण्यात वेळ घालवू नका. तळाखाली, पायांच्या आतल्या बाजूला आणि कानांखाली पाहा. पोटावरच्या उभ्या कडा बहुधा सांध्यांवरच असतात आणि मुखवट्याची नक्षी त्यांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर विभागलेली दिसते. मेणाच्या कामात साचा अखंड असतो, तो फोडूनच वस्तू काढतात. तिथे अशी रेघ नसते.

मांडवी_२:
क्ष-किरण चित्रात वेगळ्या छटेचे छोटे तुकडे दिसतील. गाभा आणि साचा यांच्यातलं अंतर टिकावं म्हणून ठेवलेले ते कांशाचे टेकू. पण केवळ टेकूंवरून निष्कर्ष काढू नका, पोकळ मेणकामातही ते लागतात. जिथे टेकू सरकला तिथे भिंत पातळ होते किंवा भोक पडतं, आणि मग वरून ओतून बुजवलेलं ठिगळ सापडतं. ते सांधा समजण्याची चूक फार होते.

ओतकाम_अभ्यासक:
नेमकं. शिवाय सर्वांत भक्कम पुरावा भांड्यात नाही, भट्टीच्या जागी आहे: आन्यांगच्या श्याओमिनथुनला साच्यांचे तुकडे प्रचंड संख्येने मिळाले. निबंधात उत्खननातल्याच वस्तू घ्या. १९७६ मध्ये उघडलेल्या फू हाओच्या (शांग राजा वू दिंगच्या राणीच्या) कबरीतली ४६८ कांस्यं उत्तम. अनेकांवर तिचं नाव ओतलेलं आहे आणि तेच नाव भविष्य पाहण्याच्या हाडांवरही येतं, त्यामुळे काळ वू दिंग राजाशी जुळतो. बाजारातून आलेल्या भांड्यावर नकली सांधाही असू शकतो.

मांडवी_२:
एक दुरुस्ती सुचवतो. 'चीनमध्ये मेणाचं ओतकाम नव्हतंच' असं लिहू नका. हनान प्रांतातल्या शीछ्वानजवळ मिळालेलं इ.स.पू. सहाव्या शतकातलं जाळीदार कांस्य-मेज बहुतेक अभ्यासक मेणकामच मानतात. १९७८ मध्ये उघडलेल्या झंग होउयीच्या (झंग राज्याचा अधिपती यी याच्या) कबरीतल्या नक्षीदार पात्रावर मात्र अजून वाद आहे, तिथे दोन्ही बाजू द्या.