मदत हवी आहे : नववीच्या वर्गात इंग्रजी शब्दांचे खेळ रंगतात, पण शब्द वहीत उतरत नाहीत

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. माझा प्रश्न नववीच्या एका तुकडीविषयी आहे. वर्गात ५४ मुले-मुली आहेत, तासिका ३५ मिनिटांची आहे, आणि मोबाइल किंवा प्रोजेक्टर यांचा वापर शक्य नाही. खडू, फळा आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, एवढेच माझे साहित्य आहे.

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, त्यामुळे ही मुले नऊ वर्षे इंग्रजी शिकत आली आहेत. तरीही शब्दसंग्रह फार तोकडा आहे, आणि धड्याखालचे शब्दार्थ पाठ करून घेतले तर चाचणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते विसरलेले असतात. म्हणून जूनपासून मी आठवड्यातून दोन तासिकांमध्ये शब्दांचे खेळ घेऊ लागले. मुख्याध्यापकांना ते पटवून देणे अवघड गेले नाही, कारण दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत भाषाभ्यासाच्या पहिल्या प्रश्नाला १० गुण असतात आणि त्यात शब्दसाखळी पूर्ण करणे, एका शब्दातील अक्षरांपासून चार शब्द बनवणे असे खेळासारखेच उपप्रश्न येतात.

सुरुवात शब्दसाखळीने केली. गाण्यांच्या भेंड्या लहानपणापासून खेळलेल्या मुलांना नियम समजावून सांगावा लागला नाही, आणि नेमकी तिथेच अडचण झाली. भेंड्यांमध्ये कानाला जे शेवटचे अक्षर ऐकू येते त्यावरून पुढचे गाणे सुरू करायचे असते, त्यामुळे एका गटाने 'टेबल' म्हणताच दुसऱ्या गटाने 'लेमन' म्हटले आणि दोन्ही गटांना ते बरोबरच वाटले. स्पेलिंगमधील शेवटचे अक्षर धरायचे, असे सांगितल्यावर साखळी दर दोन-तीन शब्दांनी 'ई'वर येऊन थांबू लागली. 'एग' आणि 'एलिफंट' संपले की उरतो 'ईगल', आणि तोही पुन्हा 'ई'नेच संपतो.

त्यानंतर गणपती मंडळात खेळतात तसा तंबोला घेतला. प्रत्येकाने २४ शब्दांतून १२ निवडून चौकटीत लिहायचे, मी मराठी अर्थ सांगायचा आणि त्यांनी शब्दावर काट मारायची. वर्ग दणाणून गेला. दोन दिवसांनी मी 'अविस्मरणीय दिवस' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या, तेव्हा ५४ वह्यांपैकी एकीतही त्या २४ शब्दांतला एकसुद्धा शब्द नव्हता. सगळे जण आपापल्या दिवशी 'व्हेरी व्हेरी हॅपी' होते.

याखेरीज दोन गोष्टी मला छळतात. स्पर्धा कोणतीही असो, जिंकणारी मुले तीच पाच-सहा असतात, आणि चुकला तो बाद या नियमामुळे ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज आहे तेच पहिल्या पाच मिनिटांत हाताची घडी घालून बसतात. दुसरी गोष्ट वयाची आहे. पाचवीतली मुले चुकीची भीती न बाळगता ओरडतात, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मुलींसमोर चुकणे नको असते आणि बरोबर येणेही नको असते. कोणी काळजीपूर्वक उच्चार केला की मागच्या बाकावरून आवाज येतो, "लई इंग्लिश फाडतोय बघ." मग तो मुलगा पुढच्या वेळी मुद्दाम वेडावाकडा उच्चार करतो.

गंमत अशी की ज्यांना मी इंग्रजीत कच्चे समजते तीच मुले घरच्या द्राक्षबागेत दिवसभर इंग्रजी शब्द वापरतात : थिनिंग, डिपिंग, प्रूनिंग, ग्रेडिंग, पॅकिंग, स्प्रेइंग. थिनिंग म्हणजे काय, असे मी सहज विचारले, तेव्हा एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने घडातले मणी विरळ का करायचे आणि कोणते काढायचे, हे पाच मिनिटे सांगितले. परंतु त्या शब्दात 'थिन' हा वेगळा शब्द दडलेला आहे, हे त्याला किंवा वर्गातील इतर कोणालाही जाणवले नव्हते. याचा खेळ करता येईल असे मला सारखे वाटते, पण तो कसा, हे सुचत नाही.

कोणालाही बाद न करणारे, या वयाला पोरकट न वाटणारे आणि ज्यांतले शब्द नंतर मुलांच्या स्वतःच्या वाक्यात येतील असे खेळ कोणी घेतले असतील, तर कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (मिरज)

मॅडम, लग्नपत्रिका आहेतच, तर त्यांतून स्क्रॅबल या अक्षरे जुळवून शब्द बनवण्याच्या खेळासारखी अक्षरे कापून घ्या. त्याच्या इंग्रजी संचात १०० चौकोन असतात, त्यांपैकी 'ई'चे १२, 'ए' आणि 'आय' यांचे प्रत्येकी ९, तर 'क्यू' आणि 'झेड' यांचा केवळ एकेक, आणि त्या दोघांना प्रत्येकी १० गुण. हा खेळ तयार करणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातील अक्षरे मोजून हे प्रमाण ठरवले होते. सारख्या संख्येने अक्षरे कापलीत तर शब्दच तयार होणार नाहीत. अक्षरांपासून चार शब्द बनवण्याच्या प्रश्नाचा सराव यातून आपोआप होतो.

प्रतिसाद २ (वाई, निवृत्त इंग्रजी शिक्षक)

आपला प्रश्न वाचून माझीच जुनी तुकडी डोळ्यांसमोर आली. मुद्दे अनेक आहेत, जमेल तसे लिहितो.

'टेबल'नंतर 'लेमन' म्हणणाऱ्या मुलांना चूक ठरवण्याची घाई करू नये. त्या मुलांचा कान बरोबर आहे, कारण शेवटची 'ई' तिथे उच्चारलीच जात नाही. मी दोन प्रकारच्या साखळ्या घेत असे. पहिल्या प्रकारात शेवटची 'ई' मुकी असेल तर ती सोडून आधीचे अक्षर धरायचे, परंतु ती मुकी आहे हे शब्द सांगणाऱ्या गटाने स्वतः ओळखून सांगायचे. दुसऱ्या प्रकारात परीक्षेप्रमाणे काटेकोर शेवटचे अक्षर धरायचे. पहिल्या प्रकाराने मुलांना मुकी 'ई' दिसू लागते, आणि मग दुसऱ्या प्रकारात ती अडवत नाही, कारण 'ई'वरून सुरू होणारे शब्द मुले आदल्या दिवशीच जमवून ठेवतात.

कान आणि स्पेलिंग यांच्या या भांडणाचाच मी एक खेळ केला होता. फळ्यावर देवनागरीत 'वेस्ट' एवढेच लिहायचे आणि गटांना सांगायचे की यात चार इंग्रजी शब्द आहेत, पश्चिम दिशा, कंबर, वाया घालवणे आणि बंडी, तर चौघांची स्पेलिंगे लिहा. मराठी लिपीतून इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या निम्म्या चुका कुठून येतात, हे त्यालाच हसत हसत कळते. 'वेट' घेतला तर ओला, वजन आणि थांबणे असे तीन मिळतात. असे शब्द पाठ्यपुस्तकातून मुलांनीच शोधून आणावेत. शिक्षकाला कोड्यात पाडायची संधी मिळाली की पंधरा वर्षांचा मुलगा शब्दकोशसुद्धा उघडतो.

तीच ती मुले जिंकतात, यावर माझा उपाय चिठ्ठीचा होता. गटात सहा जण. प्रश्न गटाला द्यायचा, दोन मिनिटे कुजबूज करू द्यायची, आणि मग चिठ्ठी काढून ज्याचे नाव येईल त्यानेच उत्तर द्यायचे. गुण गटाला मिळतो. नाव कोणाचे निघेल हे माहीत नसल्यामुळे हुशार मुलाला शेजाऱ्याला शिकवावेच लागते, आणि कच्चा मुलगा चुकला तरी तो एकटा चुकत नाही.

आता वहीत न उतरणाऱ्या शब्दांविषयी. तंबोल्यात मुलाने काय केले? शब्द ऐकला, ओळखला आणि खोडला. त्याने तो वापरला कुठे? ओळखीचा शब्द आणि हाताशी असलेला शब्द यांत मोठे अंतर असते. २४ शब्द एका दिवशी घेण्याऐवजी ८ घ्यावेत, आणि तेच ८ शब्द दोन दिवसांनी, आठवड्याने व महिन्याने वेगवेगळ्या खेळांत परत आणावेत. शिवाय प्रत्येक खेळाची शेवटची सात मिनिटे कडक राखून ठेवावीत : आजच्या शब्दांपैकी तीन घेऊन स्वतःविषयी तीन खरी वाक्ये लिहायची. खरी, हा शब्द महत्त्वाचा आहे. "राम इज अ बॉय" छापाची वाक्ये मी परत करीत असे.

आणखी एक सावधगिरी. जोडीचे शब्द एकाच दिवशी शिकवू नयेत. मराठीत आपण उसने घेतो आणि उसनेच देतो, त्यामुळे 'बॉरो' आणि 'लेंड' एकदम शिकवले की मुले दोन्ही शब्द आयुष्यभर उलटसुलट करतात. एक पक्का झाल्यावर, पंधरवड्याने दुसरा.

प्रतिसाद ३ (सांगली, हौशी नाट्यकलाकार)

मी शिक्षक नाही, पण मागच्या बाकावरच्या मुलाविषयी थोडे लिहितो, कारण मी तोच होतो. स्वतः म्हणून इंग्रजी बोलायची लाज वाटते, पण पात्र म्हणून बोलायची वाटत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, त्या जिल्ह्यातली ही मुले आहेत, त्यांना नाटक करा म्हणून वेगळे सांगावे लागणार नाही.

आमच्या तालमीत एक खेळ घेतात. एकाला दाराबाहेर पाठवायचे आणि बाकीच्यांनी एक क्रियाविशेषण ठरवायचे, समजा 'रागाने' किंवा 'संशयाने'. आत आल्यावर तो कोणालाही साधे काम सांगतो, फळा पूस, वेळ विचार, पाणी मागून घे. ते काम त्या रीतीने करून दाखवायचे आणि त्याने शब्द ओळखायचा. इंग्रजीत हे सहज होईल. वेडावाकडा उच्चार करणाऱ्या मुलाला तो उच्चार 'गर्वाने' करून दाखवायला सांगा, वर्ग त्याच्यावर नव्हे तर त्याच्याबरोबर हसेल.

प्रतिसाद ४ (जत)

आमच्याकडे बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलतात, त्यामुळे आम्ही तीन भाषांच्या पत्त्यांच्या जोड्या लावतो. इंग्रजीत आपल्याकडून गेलेले शब्द ओळखण्याची फेरी मुलांना फार आवडते. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द मराठी 'मुंगूस'वरून गेला आहे. कन्नड बोलणारी मुले लगेच 'मुंगुसी' आमचाही म्हणून भांडायला उठतात. इंग्रजांनीही आपले शब्द पाठ केले, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येते ते पाहण्यासारखे असते.

मूळ लेखिका (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. काय जमले आणि काय नाही, ते कळवते.

स्क्रॅबल आमच्याकडे चालला नाही. ज्यांना शब्द आधीच येतात त्यांनाच त्यात मजा येते, आणि १३ संच कापताना माझीच बोटे दुखली. अक्षरे मात्र वाया गेली नाहीत, ती आठवीला दिली. वाईच्या सरांची चिठ्ठी पहिल्याच दिवशी लागू पडली. क्रियाविशेषणाच्या खेळात "लई इंग्लिश फाडतोय" म्हणणारा मुलगाच दाराबाहेर जायला सर्वांत आधी उठतो, आणि त्याचा 'सस्पिशसली' आता शाळाभर गाजतो आहे.

द्राक्षबागेचा खेळ शेवटी मुलांनीच शोधला. मी पत्त्यांवर बागेतले शब्द लिहून दिले आणि मागचे 'इंग' कात्रीने कापून उरलेला शब्द पाहायला सांगितले. 'पॅकिंग' आणि 'स्प्रेइंग' कापल्यावर नीट शब्द उरला. 'डिपिंग' आणि 'थिनिंग' कापल्यावर शेवटचे अक्षर दोनदा उरले, मग त्यातले एक खोडावे लागले. 'प्रूनिंग' आणि 'ग्रेडिंग' कापल्यावर शब्द अपुरा राहिला आणि तिथे सरांची मुकी 'ई' परत आणून चिकटवावी लागली. तीन ढीग झाले. जो नियम मी दोन वर्षे फळ्यावर लिहून देत होते, तो थिनिंग समजावून सांगणाऱ्या त्या मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितला, "बारका शब्द असला की अक्षर डबल होतंय, मॅडम." नियम पूर्ण नाही, पण त्याचा आहे. दुसऱ्या दिवशी मुलांनी गावातून वायरिंग, पार्किंग, फिटिंग, वेडिंग असे शब्द गोळा करून आणले, आणि एकाने 'किंग' आणला. त्यातून 'इंग' कापल्यावर एकटा 'के' उरला, म्हणून त्याच्यासाठी, 'मॉर्निंग'साठी आणि 'सीलिंग'साठी चौथा ढीग करावा लागला.

सात मिनिटांच्या खऱ्या वाक्यांमध्ये मागच्या शुक्रवारी ५४ पैकी ३१ जणांनी निदान एक नवा शब्द नीट वापरला. एका मुलीने लिहिले की तिची आई पॅकिंगला जाते आणि ती स्वतः संध्याकाळी भावाला रिलक्टंटली अभ्यासाला बसवते.

आता एक अडचण शिल्लक आहे, ती विशेषतः वाईच्या सरांना विचारते. दोन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने शब्द परत आणण्याचे वेळापत्रक मी पाळते आहे, परंतु फळछाटणी सुरू झाली की दहा-बारा मुले आलटून पालटून घरच्या बागेत असतात, आणि ती परत येतात तेव्हा शब्दांची दुसरी फेरी होऊन गेलेली असते. अशा मुलांना मधूनच सामील करून घेताना आपण मागचे शब्द कसे देत होता? गटातील सोबत्यांकडे ते काम सोपवावे, की त्यांच्यासाठी पत्त्यांचा वेगळा गठ्ठा घरी द्यावा?