विषय: ईस्टरच्या सुट्टीत पोर्तो रिको, आईबाबांना घेऊन

प्रेषक: अमृता

नमस्कार मंडळी,

मुलीच्या शाळेला ईस्टरची सुट्टी आहे आणि आईबाबा पुण्याहून आलेले आहेत. 4 ते 11 एप्रिल, शनिवार ते शनिवार, कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटावर जाऊन राहायचं आहे. क्रूझ नको. रोज नव्या बंदरात उतरायचं आणि चार तासांत धावत परत यायचं, हे बाबांना झेपणार नाही.

जमैका, अरुबा की पोर्तो रिको, एवढ्यावर घोडं अडलंय. अडचणी सांगून टाकते: नवऱ्याचा एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेतला नोकरीचा परवाना, वैध आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय. आईबाबा दोघंही शुद्ध शाकाहारी. बाबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आईला पाण्याची भीती वाटते. आणि मुलीला रात्री चमकणारं पाणी बघायचंय, तिने शाळेत त्यावर वाचलंय.

कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

अमृता

प्रेषक: प्रकाश

अमृता,

पोर्तो रिकोच ठरव. औषध कंपनीच्या कामानिमित्त मी तिथे बराच काळ राहिलोय. आपल्या न्यू जर्सीतले किती तरी जण त्याच कारणाने तिथे राहून आलेत, त्यामुळे मंडळात आणखीही माहीतगार सापडतील.

आधी कागदपत्रं. जमैका किंवा अरुबाला गेलात तर परत येताना तुझ्या नवऱ्याला नवा स्टॅम्प लागेल. संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची सवलत एच-वन-बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या छोट्या प्रवासासाठी आहे, कॅरिबियन बेटांसाठी नाही. पोर्तो रिको अमेरिकेतच मोडतं. नूवर्कहून सान हुआनला थेट विमान घ्या, साधारण चार तास लागतात. देशाबाहेर पाऊलच पडत नाही, त्यामुळे आईबाबांच्या आय-94ला, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीला, धक्का लागत नाही. मात्र पासपोर्ट, आय-94ची प्रत आणि नवऱ्याचं आय-797, म्हणजे एच-वन-बीचं मंजुरीपत्र, हातातल्या पिशवीत ठेवा. सान हुआनच्या विमानतळावर अधिकारी कधीकधी विचारतात आणि तेव्हा फोनमधला फोटो पुरत नाही.

आता मुलीच्या चमकणाऱ्या पाण्याबद्दल, कारण सगळा आठवडा त्याच्याभोवती बेतायला हवा. लोक आधी हॉटेल बघतात, मग विमान, आणि तिथे पोचल्यावर चंद्र बघतात. तू उलट कर. घरात कालनिर्णय असेलच, ते काढ.

व्हिएकेस नावाचं छोटं बेट मुख्य बेटाच्या पूर्वेला आहे. तिथली मॉस्किटो बे ही जगातली सर्वांत तेजस्वी चमकणारी खाडी म्हणून गिनेसने नोंदवलेली आहे. पाण्यात एकपेशीय जीव असतात आणि पाणी हललं की ते प्रकाश टाकतात. खाडीचं तोंड अरुंद, पाणी उथळ, भोवती खारफुटी, म्हणून ते जीव तिथेच कोंडून राहतात आणि वाढतात. हा प्रकाश डोळ्यांना दिसायला अंधार हवा. पौर्णिमेला गेलात तर पैसे देऊन काळं पाणी बघून याल. आपण अमावस्येला प्रवास टाळतो, इथे अमावस्या शोधत जायचं.

2026ची गंमत बघ. हनुमान जयंती 2 एप्रिलला, म्हणजे चैत्र पौर्णिमा. ईस्टर 5 तारखेला. ईस्टर नेहमीच पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे ईस्टरच्या सुट्टीची सुरुवात कायम चांदण्यात होते. पण वद्य पक्षात चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो. मंगळवारी 7 तारखेला तो अकरा-साडेअकराच्या पुढे येईल, बुधवार-गुरुवारी मध्यरात्र उलटून. सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो. म्हणजे आठ ते अकरा चांगला काळोख मिळेल. व्हिएकेस सुट्टीच्या सुरुवातीला ठेवू नकोस, मंगळवारनंतर ठेव. यात सगळं आलं.

तिथे कसं जायचं? सेइबा गावाहून फेरी सुटते, अर्ध्या-पाऊण तासात पोचते. तिकिटं स्वस्त, पण लवकर संपतात, आणि स्थानिकांना प्राधान्य असतं, ते योग्यच आहे. त्यांचा भाजीपाला, औषधं, नातेवाईक सगळं त्याच फेरीने ये-जा करतं. भाड्याची गाडी फेरीवर नेता येत नाही; ती सेइबाला लावायची आणि बेटावर जीप घ्यायची. तिथे जीपा मोजक्याच आहेत. म्हणून जीप पहिली, मग घर, मग फेरी, या क्रमाने आरक्षण कर. दुसरा मार्ग छोट्या विमानाचा, सेइबाहून दहा मिनिटांचा. त्यात सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात, आईला आधी सांगून ठेव म्हणजे ओशाळायला होणार नाही.

प्रकाशकाका

प्रेषक: निखिल

प्रकाशकाका, आमचं गेल्या वर्षी जे झालं ते सांगतो. समुद्र खवळला म्हणून फेरी रद्द झाली आणि आमचं परतीचं विमान हुकलं. व्हिएकेस शेवटी ठेवलं तर अमृताचीही तीच गत व्हायची. शिवाय 16 एप्रिल 2025ला, ईस्टरच्या आधल्या बुधवारी, अख्ख्या पोर्तो रिकोची वीज गेली होती. इन्सुलिनचं काय?

निखिल

प्रेषक: प्रकाश

निखिलचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून शुक्रवारची रात्र व्हिएकेसला नको. मंगळवारी सकाळी जायचं, तीन रात्री राहायचं, शुक्रवारी सकाळीच निघायचं आणि ती रात्र सान हुआनमध्ये विमानतळाजवळ काढायची. शुक्रवारी फेरी अडलीच तर छोट्या विमानाचा पर्याय उरतो आणि शनिवारचं मोठं विमान सुरक्षित राहतं.

विजेचं म्हणशील तर 2017च्या 20 सप्टेंबरला मारिया वादळाने बेटाचं वीजजाळं मोडलं, त्यातून ते अजून पुरतं सावरलेलं नाही. घर घेताना मालकाला सरळ विचार: जनरेटर आहे का, सौर बॅटरी आहे का, आणि फ्रिज त्यावर चालतो का. तिसरा प्रश्न लोक विसरतात. कित्येक घरी बॅटरीवर फक्त दिवे आणि पंखे असतात. शिवाय इन्सुलिनसाठी थंड पिशवी आणि बर्फाचे पॅक घरूनच ने. व्हिएकेसचं इस्पितळ मारियात गेलं आणि लोकांना वर्षानुवर्षं तात्पुरत्या दवाखान्यावर भागवावं लागलं. काही गंभीर झालं तर रुग्णाला मुख्य बेटावर हलवतात. बाबांची औषधं दोन आठवड्यांची घे, ती दोन पिशव्यांत विभाग, आणि त्यांच्या व्हिजिटर विम्यात पोर्तो रिको धरलंय का ते लेखी विचारून घे.

पहिले तीन दिवस लुकीयोच्या बाजूला घर बघ, स्वयंपाकघर असलेलं. एका हाताला एल युंकेचं जंगल, दुसरीकडे सेइबाचा धक्का. रविवारी ईस्टर, सगळी पोर्तो रिकन कुटुंबं समुद्रावर असतील, तेव्हा तुम्ही जुन्या सान हुआनला जा. एल मोर्रो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले एका तिकिटात होतात. एल मोर्रोचं काम 1539ला सुरू झालं. बाबांना तटावरून चालायला सांग, उन्हं उतरल्यावर. किल्ल्यापुढच्या माळावर सगळं गाव पतंग उडवत असतं, तिथे मुलीला सोडा. निळसर फरशीचे रस्ते चढउताराचे आहेत, आईला पकड असलेले बूट हवेत. सोमवारी सकाळी लवकर एल युंके. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमधलं हे एकमेव उष्णकटिबंधीय वर्षावन. पाऊस येतोच, म्हणून बारा वाजायच्या आत खाली उतरा. संध्याकाळी घराच्या व्हरांड्यात बसलात की कोकी बेडूक सुरू होतात. अंगठ्याएवढा जीव, पण पहिल्या रात्री झोप लागू देत नाही.

गाडीचं एक लक्षात ठेव: अंतरं किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मैलांत, पेट्रोल लिटरने. टोलनाक्यावर रोख घेत नाहीत, त्यामुळे गाडीला टोलचा टॅग आहे ना ते घेतानाच बघ.

आईच्या भीतीबद्दल. मॉस्किटो बेमध्ये दोघांचा कयाक असतो, लाइफ जॅकेट सक्तीचं, आणि खाडीत लाटा जवळजवळ नसतात. आईला पुढे बसव, तू मागून वल्हव. तिने वल्हं हातात घेतलं नाही तरी चालतं. तरीही नको म्हणाली तर आग्रह करू नकोस. दक्षिणेला ला पारगेराच्या खाडीत मोटरबोटीतून नेतात, पण ते तुमच्या मुक्कामापासून लांब आहे आणि प्रकाशही व्हिएकेसइतका नाही. त्या रात्री सनस्क्रीन, डासांचं औषध, अत्तर काहीही अंगाला लावू नका, ते जीव त्याने मरतात. लांब बाह्यांचे कपडे घाला. पोहायला बंदी आहे आणि ती पाळायची. हात मात्र पाण्यावर सोडता येतो. हात वर उचलला की थेंब मनगटावरून कोपराकडे ओघळतात आणि ओघळेपर्यंत निळे पेटलेले राहतात. कयाकखालून मासा गेला की त्याची वाट उजळते. मारियानंतर ही खाडी कित्येक महिने काळी पडली होती, पुढे हळूहळू परत चमकायला लागली. मी दोन्ही अवस्था पाहिल्यात, म्हणून इतकं बजावून सांगतोय.

आणि बाबांना एक गोष्ट वाचायला दे. व्हिएकेसचा मोठा भाग दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकी नौदलाकडे होता, पूर्व टोकाला बाँबफेकीचा सराव चाले. 19 एप्रिल 1999ला सरावातल्या बाँबने दाविद सानेस रोद्रिगेस हा स्थानिक पहारेकरी मारला गेला. मग लोक सरावाच्या जागेतच तंबू ठोकून बसले, शेकडोंनी अटक करून घेतली, आणि 1 मे 2003ला नौदल गेलं. ती जमीन आता वन्यजीव अभयारण्य आहे. तुम्ही ज्या रिकाम्या, सुंदर किनाऱ्यांवर जाल ते त्या लोकांनी मिळवलेले आहेत. जमिनीत न फुटलेले बाँब अजून काढताहेत, म्हणून पाटी दिसली की तिथून मागे फिरायचं, मुलीला शिंपला दिसला तरीही.

प्रकाशकाका

प्रेषक: सुलभा

अमृता, जेवणाचं मी सांगते.

तिथे बीन्समध्ये हॅम किंवा डुकराची चरबी सर्रास असते आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, कारण त्यांच्या लेखी ते मांस धरतच नाहीत. "सिन कार्ने, सिन हामोन, सिन मांतेका" एवढं पाठ करून घ्या: मांस नको, हॅम नको, चरबी नको. मोफोंगो म्हणजे तळलेली कच्ची केळी लसणाबरोबर खलबत्त्यात कुटून केलेला गोळा. छान लागतो, पण त्यातही डुकराची कातडी कुटतात, तेव्हा आधी विचारायचं. तोस्तोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे दाबून दोनदा तळलेले काप, आईबाबांना आवडतील. तळणीचं तेल मात्र विचारा.

त्यांच्या सणाच्या भातात तुरीचे ओले दाणे असतात, तोही बहुतेक हॅम घालूनच करतात. तेच दाणे दुकानात डब्यात बारा महिने मिळतात. मी एक डबा आणून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात उसळ केली होती, यांना खरं वाटेना. नीरफणस दिसला तर सोडू नकोस, तिथे पाना म्हणतात. आम्ही मालवणचे, आम्हाला तो दिसला की कापं आलीच. हळद, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवायचे आणि तव्यावर तेल सोडून भाजायचे. रवा, मसाला आणि छोटा कुकर सामानात टाक. तूरडाळही घे, व्हिएकेसच्या दुकानांत फारसं काही नसतं. मुख्य बेटावरूनच वाणसामान भरून फेरीत चढा.

आंबे मात्र खाऊन या, आणू नका. परत निघताना विमानतळावर कृषी खात्याचे लोक प्रत्येक बॅग तपासतात आणि ताजा आंबा न्यू जर्सीला येऊ देत नाहीत.

दुकानात शिरताना "बुएनास" म्हणायचं. न म्हणता एकदम वस्तू मागितली तर त्यांना ते उद्धटपणाचं वाटतं.

सुलभामावशी

प्रेषक: अमृता

काका, मावशी, निखिल, मनापासून आभार. कालनिर्णय पाहून मंगळवार ते शुक्रवार व्हिएकेस पक्कं केलं. जीप मिळाली, लुकीयोचं घरही मिळालं, मालकीण म्हणाली फ्रिज बॅटरीवर चालतो. व्हिएकेसच्या घरमालकाचं उत्तर अजून आलेलं नाही. आई म्हणते आधी काठावरून बघेन, मग ठरवेन. कयाक कुठल्या रात्रीचा घेऊ?

अमृता

प्रेषक: प्रकाश

बुधवारचा घे. पाऊस किंवा वारा आला तर त्याच लोकांकडून गुरुवारवर ढकलता येतो का ते पैसे भरायच्या आधी विचार. मंगळवारी संध्याकाळी आईला व्हिएकेसवरच्या एस्पेरांसा गावाच्या धक्क्यावर नुसतं बसायला ने. काठावरून खाडी बघण्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका, तिथून प्रकाश फारसा कळत नाही. हे आईला आत्ताच सांग, म्हणजे बुधवारी तिला विचार करायला वेळ मिळेल. आणि व्हिएकेसच्या मालकाला आजच फोन लाव. फ्रिजचं उत्तर "नाही" असेल तर ते घर सोड, एप्रिलला अजून अवकाश आहे.

प्रकाशकाका