अस्वल समोर आलं तर काय करायचं? हंपीला निघण्याआधी मतं मांडा

माळावरचा:
गड्डा (सोलापुरातली सिद्धेश्वराची जत्रा) उरकला की जानेवारीअखेरीस आम्ही अठरा जण विजयपूरमार्गे हंपीला निघतोय. परवा पार्क चौकात चहा घेत कार्यक्रम ठरवत होतो. एकानं सुचवलं, पहाटे साडेचारला टॉर्च घेऊन टेकडी चढायची आणि वरून सूर्योदय बघायचा. मी म्हटलं, हंपीच्या आसपासच्या दगडी टेकड्यांत अस्वलं आहेत, अंधारात नको. त्यावर लगेच तीन सल्ले मिळाले. आडवं पडून श्वास रोखायचा. झाडावर चढायचं. नाहीतर उताराला पळायचं, म्हणजे त्याचे केस डोळ्यांवर येतात आणि त्याला दिसत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. या सल्ल्यांवर विसंबून कुणी खरंच वागलं तर जिवावर बेतेल. आपल्याकडचं अस्वल झाडावर सहज चढतं, मधाची पोळी ते तिथूनच काढतं. चढ असो, उतार असो, ते माणसाहून वेगानं धावतं. केसांची गोष्ट तर निव्वळ ऐकीव.

आपण सोलापूरकर यात कच्चे आहोत, कारण आपल्याकडं अस्वलच नाही. नान्नजच्या माळावर लांडगा, खोकड, काळवीट दिसतात, ते माणसाची चाहूल लागली की दूर जातात. त्यामुळं जनावर बाजूला होणार हे आपण धरूनच चालतो. अस्वलाची नजर अधू, कानही बेताचे, सगळी भिस्त नाकावर. वारूळ फोडून त्यात तोंड घातलं की ते वाळवी ओढताना मोठ्यानं फुरफुरतं (वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून ते ओढतं). त्या नादात आपण दहा पावलांवर आलो तरी त्याला पत्ता नसतो. मग ते दचकतं. पिढ्यान्‌पिढ्या वाघाच्या शेजारी राहिलेलं हे जनावर. झाडावर चढून वाघापासून सुटका होत नाही, म्हणून उलट अंगावर जाणं हाच त्याचा बचाव झाला, असं अभ्यासक मानतात. ते माणसाला खायला येत नाही. घाबरून येतं आणि नेमकं तोंड-डोकं फाडतं.

माझं मत असं की आपण येतोय हे त्याला लांबूनच कळलं पाहिजे. उजाडल्यावर निघायचं, एकत्र राहायचं, मोठ्यानं बोलत चालायचं. कपारीत, गुहेत कुणी डोकवायचं नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला मादी अशाच जागी विते आणि पिल्लं पुढं दोन-तीन महिने आतच असतात. फोटोसाठी आत वाकणारा आमच्यात एक तरी निघणारच, त्याचीच मला जास्त काळजी आहे.

कसब्यातला:
पूर्ण विरोध. मी पंधरा वर्षं नान्नजला पक्षी बघायला जातोय. जंगलात गप्प राहायचं, हा पहिला धडा. अठरा जण गलका करत टेकडीवर गेले तर तिथल्या घुबडाला, सरड्याला, त्या अस्वलालाही त्रासच. आधीच सहलीवाल्यांनी स्पीकर लावून लावून जागांचं वाटोळं केलंय. तुम्ही त्याला सुरक्षेचं कारण देऊ नका. आवाज करूनच फिरायचं असेल तर तिथं जाऊच नये.

माळावरचा:
स्पीकरच्या बाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत, तो आमच्याकडं बंदच आहे. पण नान्नजला तुम्ही एका जागी लपून बसता, आणि समोर माळ उघडा. दोन किलोमीटरवरचं जनावर दिसतं. हंपीला दगडाच्या वळणापलीकडं काय आहे ते दिसत नाही. बसून बघताना गप्प राहणं आणि आंधळ्या वळणावर गप्प चालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधं बोलणं, मध्येच एक टाळी, काठी दगडावर आपटणं, एवढंच म्हणतोय मी.

धाकटा जावई:
माझी सासुरवाडी चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. सगळा धागा वाचला, पण आडवं पडायचं की नाही यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी सांगतो, पडायचं नाही. सासरे मोह वेचायला जाताना कुऱ्हाड खांद्यावर घेऊनच जातात. त्यांच्या गावात अस्वलानं एका डोळ्याची खोबण केलेला माणूस मी पाहिलाय, त्याच्याशी जेवताना बोललोय. तो म्हणतो, हातात काही असतं तर डोळा वाचला असता. शाळेतली दोन मित्रांची गोष्ट लहान मुलांना मैत्री शिकवायला ठीक आहे. जमिनीवर पडलेल्या माणसाला अस्वल हुंगून सोडून देतं हे जंगलाजवळ राहणाऱ्या कुणाला सांगून बघा.

माळावरचा:
जावईबापू, त्या गोष्टीत दोन चुका आहेत हे मान्य. श्वास रोखून काही होत नाही, आणि झाडावरचा मित्रही वाचला नसता. पण पडण्यामागचं कारण वेगळं आहे. अस्वलाला समोरचा धोका मोडून काढायचा असतो. धोका संपला असं वाटलं की ते बहुतेकदा निघून जातं. म्हणून अस्वलांवर काम करणारे लोक सांगतात: पळू नका, आणि ते अंगावर आलंच तर पालथे पडा, दोन्ही हातांची बोटं मानेमागं गुंफा, तोंड जमिनीत दाबून ठेवा, पाठीवरची सॅक तशीच राहू द्या, आणि ते लांब जाईपर्यंत उठू नका. त्याची नखं आपल्या बोटाएवढी लांब असतात. उताणा पडलेला किंवा उभं राहून झुंजणारा माणूस तोंड त्याच्याच पुढं करतो. पाठ फाटली तर टाके पडतील. डोळा गेला तर परत येत नाही, हे तुम्हीच पाहिलंय.

धाकटा जावई:
तुमचा मुद्दा समजला, तरी एकट्या माणसानं हत्यार टाकून पडावं हे माझ्या गळी उतरत नाही. एवढं मात्र खरं की सासरे कुऱ्हाड चालवतात कमी आणि तिचा दांडा झाडांवर ठोकत जातात जास्त. आजवर मला वाटायचं ती सवय आहे. आज संध्याकाळी फोन करून विचारतो.

सात रस्ता:
मी हिमालयात चार ट्रेक केलेत. तिकडचं काळं अस्वल निराळं, तपकिरी निराळं. इंटरनेटवर फिरणारे नियम तर अमेरिकेतल्या अस्वलांचे. काळ्याशी झुंजा, तपकिरी असेल तर पडून राहा, हे तिकडचं. आपलं अस्वल रंगानं काळं आहे म्हणून कुणी तो नियम इथं लावला तर उलटंच होईल. तंबूत खाणं न ठेवणं तेवढं सगळीकडं लागू.

विडी घरकुल:
मी इथं सहसा लिहीत नाही. आमच्या घरात तेलुगू बोलतात, अस्वलाला आम्ही एलुगुबंटी म्हणतो. माझ्या आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. पान भिजवायचं, कातरायचं, वळायचं, दिवसाला हजार. ते तेंदूचं पान सोलापुरात उगवत नाही, जंगलातून येतं. एप्रिल-मे महिन्यात बाया-माणसं भल्या पहाटे जंगलात शिरून तोडतात तेव्हा येतं. त्याच्या आधी मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. ती रात्रीतून आणि पहाटे पडतात आणि उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात. अस्वलही त्याच फुलांवर येतं, त्याच वेळेला, त्याच झाडाखाली. वेचणारी बाई वाकलेली असते आणि अस्वलही मान खाली घालून खात असतं. पुढं तेंदूची फळं पिकली की तीही अस्वलाला आवडतात.

तुम्ही म्हणता, उजाडल्यावर जा. तुम्हाला ते जमतं, तुमचा सूर्योदय चुकेल एवढंच. तिची त्या दिवसाची मजुरी जाते. आपल्या गावातल्या किती चुली त्या पानावर पेटल्या. त्या बायांना काय सांगणार, हे कुणी लिहिलंच नाही.

माळावरचा:
अक्का, तुम्ही लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. मी सगळं सहलीच्याच डोक्यानं लिहिलं होतं, कबूल करतो. त्या बायांसाठी मला माहीत आहे ते एवढंच: एकटीनं न जाता तिघी-चौघींनी जाणं, वाकण्याआधी झाडाभोवती काठी आपटून हाळी देणं, काठीला घुंगरू किंवा घंटी बांधणं, लहान पोरांना आणि कुत्र्यांना मागं ठेवणं. कुत्रं अस्वलाला डिवचतं आणि मग मालकाच्याच पायाशी पळत येतं. महाराष्ट्रात वनखात्याची १९२६ ही मदतवाहिनी आहे, आणि वन्यप्राण्यानं माणसाला जखमी केलं किंवा जीव गेला तर सरकार भरपाई देतं. त्यासाठी लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. हे कागद न झाल्यानं लोक अडकतात.

विडी घरकुल:
घंटीचं चांगलं आहे. पण घंटी सगळ्या बायांना कंत्राटदारानं किंवा खात्यानं द्यायला हवी. स्वतःच्या पैशानं ती बाई आधी तेल-मीठ आणणार.

नाइट ड्यूटी:
मी नर्स आहे, अस्वलाचा रुग्ण सोलापुरात पाहिला नाही, पण जनावर चावलेले खूप पाहिलेत. तोंडाला जखम असेल तर माणसाला उताणं झोपवू नका, रक्त घशात जातं. बसवून पुढं वाकवा, शुद्धीत नसेल तर कुशीवर वळवा. लोंबणारी कातडी तोडू नका, स्वच्छ ओलं फडकं लावून घट्ट दाबून धरा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. रेबीजची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. अस्वल पिसाळलेलं दिसत नव्हतं म्हणून लस टाळायची नाही. १०८ महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडं चालतो, पण टेकडीवर रेंज असेलच असं नाही.

बाळीवेस १९६०:
आमच्या लहानपणी गल्लीत दरवेशी यायचा. नाकात दोरी घातलेलं अस्वल डमरूवर मागच्या पायांवर उभं राहायचं. मुलाची भीती जावी म्हणून आया पोरांना त्याच्या पाठीवर बसवायच्या आणि दोन केस मागून ताईतात घालायच्या. मलाही बसवलं होतं. ते केवढं मुकाट उभं राहिलं होतं ते अजून आठवतं. त्याचे दात पाडलेले असायचे आणि नाकाचं भोक तापल्या सळईनं पाडलेलं असायचं, हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तरी हे खेळ कितीतरी वर्षं चालू होते. माझ्या वयाच्या लोकांच्या डोक्यात अस्वल म्हणजे तेच, संथ आणि गरीब. तुमच्या अठरांत कुणी साठीपुढचं असेल तर त्यांना मुद्दाम सांगा, टेकडीवरचं अस्वल ते नव्हे. आणि फक्त भीतीच सांगू नका. इतकं सोसलेलं जनावर आहे ते, त्याला त्याच्या जागी नीट राहू देणं आपल्याकडं लागतं.

माळावरचा:
काका, हे मी गाडीत सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

ठरलं ते असं. अंधारात चढाई रद्द, नाश्ता करून आठनंतर टेकडी. सूर्योदय हवा त्यांनी गावातूनच, नदीकाठच्या वस्तीजवळून बघायचा. दुपारी दरोजीला जायचं. १९९४ साली खास अस्वलांसाठी केलेलं अभयारण्य आहे, हंपीहून पंधरा-वीस किलोमीटर. समोरच्या टेकडीवरच्या जागेतून लांबूनच अस्वलं दिसतात, आणि दुपार कलल्यावर ती दगडांतून बाहेर येतात. नशीब असेल तर पिल्लू आईच्या पाठीवर बसलेलं दिसेल. पहाटेचा हट्ट धरणारा मित्र अजून रुसलेला आहे. त्याला हा धागा पाठवलाय, उत्तर आलेलं नाही.

कसब्यातला:
टेकडीवर बोलत चालण्याचं मी मान्य करतो, तेही वळणांपुरतं. पण दरोजीला तासभर कुणी तोंड उघडायचं नाही, फोन बंद, भडक कपडे नकोत. हे लिहून द्या, मग माझंही नाव एकोणिसावं घाला.

माळावरचा:
लिहून दिलं. चादर घेऊन या, रात्री तिकडं गार असतं.

धाकटा जावई:
सासऱ्यांशी बोललो. म्हणाले, दांडा ठोकतो तो त्याला सांगायला, की बाबा मी आलोय, तू सरक. पडायचं का विचारलं तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्यांच्या वडिलांनी तोंड मातीत घालायला सांगितलं होतं, पण त्यांच्यावर ती वेळ कधी आली नाही.